जिथे काहीच ऐकू येत नाही

हॅम्बुर्ग, ६ मे १९८४

प्रिय रोझविता,

तुझ्याकडे फोन आहे हे मला माहीत आहे. पण तू रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरतेस आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडतेस. मला जे सांगायचं आहे ते चौकासाठी नाही, म्हणून पत्र.

माझा फोल्कर पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे राहायला येतो आहे. "येऊ दे का" असं मी विचारत नाही. तू नाही म्हणणार नाहीस, आणि हो म्हणताना भाव खाशील. तेवढा वेळ आपण वाचवू.

त्याच्या मज्जातंतूंवर ताण आला आहे असं डॉक्टरांचं मत आहे. फार डोकं चालवणाऱ्या माणसांना हा त्रास होतो. एल्सेनरोडेत कुणाला झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जाहिरात कंपनीत त्याच्यावाचून पान हलत नाही, तरी साहेबांनी आपणहून त्याला लांब रजा दिली, यावरून त्याची किंमत ओळख. सुनेला, मारिओनला, सोबत येता येणार नाही. ती तिच्या दुकानाच्या कामात गळ्यापर्यंत बुडाली आहे.

त्याला फक्त शांतता हवी आहे. तुझ्या गावात दुसरं काही नाहीच, तेव्हा तेवढं तरी नीट दे. चरबी फासलेला पाव त्याच्यापुढे ठेवू नकोस. सकाळी उठवू नकोस. आणि कृपा करून तो असेपर्यंत ट्रॉम्बोनला हात लावू नकोस. माझी त्र्याहत्तर वर्षांची बहीण चर्चच्या बँडमध्ये गाल फुगवून ट्रॉम्बोन वाजवते, हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

तुझी,
गेर्लिंडे


एल्सेनरोडे, १९ मे १९८४

प्रिय गेर्लिंडे,

तुझा मुलगा पोचला. त्याची गाडी एवढी लांब आहे की तोंड माझ्या दारात आणि शेपूट समोरच्या एकार्टबाईंच्या दारात. त्यामुळे त्या पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन आल्या आणि तासभर बसून त्याला नीट बघून गेल्या.

शांतता द्यायला सांगितलीस. अगं, शांतता गावाबाहेर असते, गावात नसते. तुला इथून जाऊन इतकी वर्षं झाली की तू हे विसरलीस. चर्चची घंटा दर पाव तासाला वाजते, तू पाळण्यात होतीस तेव्हाही वाजत होती आणि तू तिच्यापेक्षा मोठ्याने रडायचीस. ओटमार रीलचा कोंबडा उजाडायची वाट बघत नाही. शनिवारी दुपारी अग्निशमनवाले भोंगा तपासतात. आज तो वाजला तसा फोल्कर थेट टेबलाखाली गेला. मी म्हटलं, "ये बाहेर, चाचणी आहे." तर खालूनच म्हणतो, "मावशी, आधी सूचना द्यायची पद्धत नाही का?" म्हटलं, "भोंगा हीच सूचना असते रे."

गेल्या रविवारी तो भर चौकात गाडी धुवायला निघाला. एकार्टबाई प्रार्थनेचं पुस्तक काखेत मारून आल्या.

"तरुण माणसा, आज रविवार आहे."

"मला माहीत आहे."

"देवालाही माहीत आहे."

बादली तिथेच राहिली. आता गाडीचा अर्धा भाग स्वच्छ आहे आणि अर्धा एल्सेनरोडेचा आहे.

चरबीचा पाव मी त्याच्यापुढे ठेवला नाही. तो स्वतःच कपाटातून काढून खातो, उभ्याउभ्या, दाराकडे पाठ करून. ट्रॉम्बोन मी मंगळवारी वाजवला आणि पुढच्या मंगळवारीही वाजवणार आहे. माझा हाइनर वारल्यापासून तो वाजवणारं घरात दुसरं कुणी नाही, आणि बँडला खालचा सूर लागतो.

एक विचारते. मारिओनचा एकही फोन आला नाही. दुकान इतकं चालतं का?

रोझविता


हॅम्बुर्ग, २७ मे १९८४

प्रिय रोझविता,

मारिओन रोज चौकशी करते, माझ्याकडे करते. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या फोनवर नवराबायकोने काय बोलावं अशी तुझी अपेक्षा आहे? आणि ते एकार्टबाईंपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, कॉफी गाळेपर्यंत?

फोल्करचं मला पत्र आलं. त्या घंटेने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्याकडे हॅम्बुर्गमध्ये माणसांकडे घड्याळं असतात. तुम्हाला एवढ्या मोठ्या लोखंडाने बडवून वेळ सांगावी लागते, याचा कधी विचार केलास? तो त्याबद्दल चर्चकडे रीतसर बोलणार आहे आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. तुमच्या गावात कुणीतरी काहीतरी बदलण्याची ही पहिलीच वेळ असेल. त्यात मोडता घालू नकोस.

तो बरा दिसतो का, ते तू लिहिलंच नाहीस. गाडी कशी दिसते ते लिहिलंस.

गेर्लिंडे


एल्सेनरोडे, २४ जून १९८४

प्रिय गेर्लिंडे,

तुझा पाठिंबा फळाला आला.

फोल्करने कासेलहून आवाज मोजायचं एक यंत्र आणलं आणि ते काखेत धरून पाद्री थीले यांच्या दारात उभा राहिला. थीले म्हणजे गरीब गाय. कोणी मोठ्याने शिंकलं तरी तेच माफी मागतात. काटा हलताना बघून त्यांना घाम फुटला आणि त्यांनी रात्रीची घंटा बंद करून टाकली.

झालं, गावाची झोप उडाली. सगळे अंथरुणात पडून आता वाजेल, मग वाजेल म्हणून कान लावून बसायला लागले. ओटमारला गाईंच्या धारा काढायला उशीर झाला, गाई रागावल्या. पोस्टातली बाई गिऱ्हाइकांसमोर घोरली. खानावळीत फोल्करला आठवडाभर बिअरचा असा पेला मिळत होता की ज्यात वरपासून खालपर्यंत नुसता फेस. तो मुकाट्याने फेस पिऊन यायचा. मला वाटलं, आता हा जातो परत.

पण तेवढ्यात नगराध्यक्ष श्ट्राउख घरी आला. पशुखाद्यवाला श्ट्राउख, तोच, जो शाळेत तुझ्या वेणीला बाकाशी गाठ मारायचा. म्हणाला, "साहेब, तुम्ही जाहिरातीतले ना? शेजारच्या गावाला गरम पाण्याचा झरा आहे, पलीकडच्यांचा किल्ला आहे. आमच्याकडे काही म्हणजे काही नाही. ते विकता येईल का?"

गेर्लिंडे, मी त्या क्षणी तुझ्या मुलाचा चेहरा पाहिला. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचे खांदे वर आले. त्याने माझ्या पिठाच्या पिशवीवरच लिहून दाखवलं: "एल्सेनरोडे – जिथे काहीच ऐकू येत नाही."

श्ट्राउख इतका खूश झाला की माझा अख्खा केक खाऊन गेला. म्हातारा वेंडेलिन युद्धापासून ठार बहिरा आहे. त्याला पाटीवर लिहून दाखवलं तर म्हणाला, "मला हे चाळीस वर्षं फुकट मिळतंय."

तर तुझा मुलगा बरा दिसतो. जरा वाळलाय, पण डोळ्यांत जीव आलाय. रजा आणखी वाढली आहे म्हणतो. मी जास्त विचारलं नाही.

रोझविता


कासेल, ९ जुलै १९८४

प्रिय मावशी,

भित्तिपत्रकांची छपाई अजून दोन दिवस चालेल, म्हणून इथेच थांबलो आहे. हिरवा रंग मला हवा तसा येत नाहीये. छापखानेवाला म्हणतो, हिरवा तो हिरवा. मी त्याला समजावलं की शांततेचा हिरवा वेगळा असतो. तो बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला.

निघताना बटाटे सोलत बसलो होतो तेव्हा जे बोललो, त्याबद्दल हे पत्र. मावशी, आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. कंपनीने मला मार्चमध्येच काढलं आणि त्याच महिन्यात मारिओनने दाराचं कुलूप बदललं, हे तिला कळलं तर ती मरेल. आणि मरण्याआधी ती मला मारेल. तिने तिच्या कॉफीच्या मैत्रिणीला, पेटरसनबाईंना, सांगून ठेवलंय की मी लवकरच संचालक होणार. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं, पण एकदा तिने सांगितलं की ते नाकारणं माझ्या हातात राहत नाही.

हे काम नीट झालं तर मला सांगायला काहीतरी असेल. मारिओनलाही. ती पुढच्या महिन्यात सुट्टीवरून परतेल, तेव्हा तिच्याशी बोलणार आहे. तोवर तू मला फक्त वेळ मिळवून दे. खोटं बोलू नकोस. आईला जे वाटतं ते वाटू दे, बस.

तुझा,
फोल्कर

ता. क. मी आल्यावर बँडच्या सरावाबद्दल शांतपणे बोलू. रागावू नकोस.


हॅम्बुर्ग, २२ जुलै १९८४

प्रिय रोझविता,

भित्तिपत्रक पाहिलं! इथल्या स्टेशनवर लागलं आहे. मी त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिले की एका माणसाने मला गाडी चुकली का म्हणून विचारलं. तो हिरवा रंग! पेटरसनबाई म्हणाल्या, यात एक प्रकारची खोली आहे. त्यांच्या दिवंगत पतींचं रंगांतलं ज्ञान मोठं होतं, त्यांच्या बोलण्याला अर्थ असतो.

कंपनीने त्याला हे करायला सवड दिली हा त्यांचा मोठेपणा. अर्थात त्यांचाही यात फायदा आहेच.

आम्ही येतो आहोत. मी, पेटरसनबाई आणि शेजारच्या रुडलॉफबाई, १८ ऑगस्टला, खानावळीतल्या खोल्यांत उतरू. तुझ्याकडे उतरलो असतो, पण रुडलॉफबाईंना आवाज करणारा जिना चालत नाही. त्यांना माझ्या मुलाने एका गावाचं काय केलं ते बघायचं आहे. माझीही इच्छा आहे की त्या गावात जन्मले हे एकदा तरी न ओशाळता सांगावं.

तू केस नीट करून घे.

गेर्लिंडे


एल्सेनरोडे, २ ऑगस्ट १९८४

प्रिय गेर्लिंडे,

एकटी ये. बायकांना घेऊन येऊ नकोस. कारण विचारू नकोस, कारण सांगितलं तर तू हटकून त्यांना घेऊन येशील.

तरीही येणारच असशील तर कुठे येते आहेस ते ऐकून ठेव. गाव आता झोपलेल्या बाळाच्या खोलीसारखं झालंय. खानावळीच्या खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी कापडाचे मोजे घातलेत. कपाखाली बशीऐवजी लोकरीची चकती. ओटमारचा कोंबडा मेहुण्याच्या गावी हद्दपार झाला आणि तिथे त्याने आरवणंच सोडलं म्हणतात. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत गिरणीमागे नेतात, मेंढरांसारखी. पाहुणे मोप येतात. फिकट चेहऱ्यांचे, बोटांच्या टोकांवर चालतात, एकमेकांच्या कानात बोलतात. मला आधी वाटलं कुणी गेलं की काय.

सगळ्यांत जोरात शिस्त लावतात त्या एकार्टबाई. परवा एका पाहुण्याला शिंक आली तर त्यांनी खिडकीतून बोट ओठावर ठेवलं. बाईंना आयुष्यभर हेच करायचं होतं, आता त्याला सरकारी मान्यता मिळाली.

आणि बँड बंद. फोल्कर आणि श्ट्राउख दोघं आले, टोपी हातात घेऊन. "मावशी, फक्त हंगामापुरतं." मी म्हटलं, "हंगाम संपेपर्यंत तुम्ही कुत्र्यांच्या शेपट्याही बांधाल." तो म्हणाला, "तुला कळत नाही, माझ्यासाठी हे किती…" आणि थांबला. मग मीच थांबले. ट्रॉम्बोन पेटीत घातला. ओटमार त्याचा ट्यूबा घेऊन गोठ्यात जातो आणि गाईंना वाजवून दाखवतो. दूध वाढलंय म्हणतो, पण ते श्ट्राउखला सांगू नका म्हणतो.

तुझा मुलगा दिवसभर पळतो, हसतो, पाहुण्यांना वाकून नमस्कार करतो. त्याला अजूनही झोप लागत नाही. घंटा बंद, कोंबडा गेला, मावशी गप्प, आणि हा जागाच. यावरून काही कळतं का तुला? कळत असलं तर एकटी ये.

रोझविता


हॅम्बुर्ग, २१ ऑगस्ट १९८४

रोझविता,

"प्रिय" मुद्दाम गाळलं आहे.

मी तुझ्याकडून फार अपेक्षा कधीच ठेवल्या नाहीत, पण एवढं? रविवारी दुपारी, सगळं गाव वामकुक्षी घेत असताना, आम्ही तिघी चौकातल्या झाडाखाली शांत बसलो होतो. पेटरसनबाई नुकत्याच म्हणाल्या होत्या की अशी निःशब्दता त्यांनी फक्त एका मठात अनुभवली होती. आणि तू, खिडकी धाडकन उघडून, घरातल्या झग्यात, केस पिंजारलेले, तो पितळी राक्षस तोंडाला लावून उभी! कसलं भजन होतं ते? मला ओळखू आलं नाही, तू त्याचा जीवच घेत होतीस. रुडलॉफबाईंच्या हातातून कप पडला. लोकरीच्या चकतीवर पडूनही फुटला. मग गोठ्यातून तो ओटमार. मग तुझ्या एकार्टबाई खिडकीत येऊन गायला लागल्या, त्याही चुकीच्या सुरात!

फोल्कर तेव्हा चौकातल्या फोनच्या खोपट्यात कंपनीच्या महत्त्वाच्या फोनवर होता. तुझ्या गोंगाटामुळे त्याला तो ठेवावा लागला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. मुलाच्या यशाच्या दिवशी त्याचं नाक कापलंस तू. तुला सराव बंद झाल्याचा सूड घ्यायचा होता, माझ्यावर की त्याच्यावर ते तुझं तुलाच माहीत.

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. पाहुण्यांतले आणखी बरेच निघाले, बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. परतीच्या प्रवासात पेटरसनबाईंनी मला विचारलं, "कसला सोफा हो?" मी म्हटलं, ते नवीन सोफा घेताहेत. त्यानंतर हॅम्बुर्ग येईपर्यंत त्या दोघी एकमेकींशीच बोलल्या.

पुन्हा मला लिहू नकोस.

गेर्लिंडे


एल्सेनरोडे, ३० ऑगस्ट १९८४

प्रिय गेर्लिंडे,

"प्रिय" मुद्दाम लिहिलं आहे. आणि तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून लांबलचक लिहिते आहे.

पेटरसनबाईंनी सोफ्याचं विचारलं, असं तूच लिहिलंस. मग आता हा फोन कंपनीचा होता की फर्निचरच्या दुकानाचा, ते एकदा ठरव.

माझ्या घरातला फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून तो शहाणा चौकातल्या खोपट्यात गेला. दार नीट लागत नाही त्याचं. त्याला वाटलं गाव झोपलंय. गाव झोपलेलंच असतं त्या वेळी, पण गेले दोन महिने त्यानेच इथे एवढी शांतता करून ठेवली होती की पडद्यामागे कुणी पान उलटलं तरी चौकात ऐकू यावं. मी पलंगावर पडले होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "मारिओन, मी सोफ्यावर झोपेन. मारिओन, ठेवू नकोस. मला नोकरी नाही हे तुला माहीत आहे, पण मी इथे काहीतरी उभं केलंय, तू एकदा येऊन बघ." मग तो रडायला लागला. गेर्लिंडे, मोठा पुरुष रडतो तेव्हा त्याला ते जमत नाही. खोकल्यासारखं करतो. चौकात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी खिडकीपाशी गेले तर समोरच्या प्रत्येक पडद्याची कड हललेली. आणि झाडाखाली तुम्ही तिघी, पाठमोऱ्या, ताठ.

त्याला हाक मारली असती तर त्याला कळलं असतं की आपण ऐकतोय. मग मला जे येतं ते मी केलं. भजन ओळखू आलं नाही म्हणतेस, मलाही आलं नाही. जोरात वाजवायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. ओटमारला वाटलं बंदी उठली. पण एकार्टबाईंना तसं काही वाटलेलं नव्हतं. त्या खिडकीत आल्या, त्यांनी खोपट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गळा काढला. सगळी कडवी म्हटली, न येणारीसुद्धा. सत्तर वर्षांत मला ही बाई पहिल्यांदा आवडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीतल्या धुळीबद्दल सुनावलं, तेव्हा सगळं पुन्हा ठीक झालं.

तुम्ही गेल्यावर फोल्कर वर आला. खुर्चीत बसला. म्हणाला, "मावशी, आईने ऐकलं का?"

मी म्हटलं, "माझ्या भोंग्यापुढे कुणाला काय ऐकू जाणार!"

"नक्की?"

"तुझी आई मला शिव्या घालण्यात गुंग होती."

हसला. मग टेबलावर डोकं ठेवून तिथेच झोपला, तो दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वासाने उठला.

पुढचं ऐक. पाहुणे गेले ते गेले. श्ट्राउख चार दिवस थयथयाट करत होता, पण रविवारी चर्चमध्ये बँडपाठोपाठ तोच सगळ्यांत मोठ्याने गात होता. पाद्री थीले यांनी घंटा परत सुरू केली आणि घंटेची माफी मागितली की गावाची, ते कुणालाच कळलं नाही. फोल्कर रात्रभर झोपतो. ओटमारकडे ट्रॅक्टर चालवायला शिकतोय आणि कुंपणं मोडतोय. ओटमार म्हणतो, "पोरगा हुशार आहे, फक्त त्याला उजवं-डावं शिकवायचं राहिलंय." मारिओनचं उत्तर नाही. येईल असं मला वाटत नाही, आणि त्यालाही आता वाटत नसावं.

आता तू सांग. तू माझ्यावर ओरडलीस, ते ठीक. पण "नोकरी नाही" हे ऐकून आई दचकते, गेर्लिंडे. मी वरून बघत होते. रुडलॉफबाई दचकल्या, पेटरसनबाईंनी मान वळवली. तू हलली नाहीस. तू चमच्याने कॉफी ढवळत राहिलीस, आणि तू साखर घेत नाहीस.

तुला कधीपासून माहीत आहे?

रोझविता


हॅम्बुर्ग, ९ सप्टेंबर १९८४

प्रिय रोझविता,

मार्चपासून.

मारिओन स्वतः आली होती, त्याच्या शर्टांच्या दोन सुटकेस घेऊन. सगळे इस्त्री केलेले. त्या मुलीचा मला राग येईना, हेच मला सहन झालं नाही. संध्याकाळी फोल्कर आला आणि म्हणाला, घराला रंग देताहेत, काही दिवस इथे राहू का. मी म्हटलं, रंग कोणता? तो म्हणाला, हिरवा.

रोज सकाळी तो बॅग घेऊन कचेरीत जायला निघायचा. मी त्याला डबा द्यायचे. एकदा मी आल्स्टर तलावाच्या काठाने येत होते, तर तो बाकावर बसून त्या डब्यातला पाव बदकांना घालत होता. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. त्या रात्री त्याने मला सांगितलं की मीटिंग फार लांबली. मी म्हटलं, साहेबांना तुझ्याशिवाय जमत नाही. त्याने मान हलवली. आम्ही दोघंही एवढं छान करत होतो, रोझविता, की थांबायचं कसं ते कुणालाच कळेना. म्हणून त्याला तुझ्याकडे पाठवलं. तुझ्यापुढे कुणाचं नाटक फार दिवस टिकत नाही, माझं कधी टिकलं नाही.

ट्रॉम्बोनसाठी मी तुझे आभार मानणार नाही. फार बेसूर होता. पण खरं सांगते, मी तेव्हा देवाकडे काहीतरी मागत होते. छप्पर पडो, विमान पडो, काहीही. आणि तू खिडकी उघडलीस. बायकांसमोर मला रागावणं भाग होतं, आणि एकदा रागावले की मला ते घरापर्यंत न्यायची सवय आहे.

पेटरसनबाईंनी सोफ्याचं सगळ्या गल्लीला सांगितलं. गुरुवारच्या कॉफीला मला आता कुणी बोलावत नाही. रुडलॉफबाई जिन्यात भेटल्या की त्यांना अचानक किल्ल्या सापडत नाहीत. टेलिफोन आठवडाभर वाजलेला नाही. परवा मी रिसीव्हर उचलून बघितला, तो चालू होता.

मी येत्या शनिवारी दुपारच्या बसने येते. एकटी. खानावळीत नको, तुझ्याकडेच, जिना वाजला तर वाजू दे. चरबीचा पाव मीही खाते, हे इतक्या वर्षांत तुला सांगितलं नव्हतं. कुंपणांचा काय खर्च झाला असेल तो ओटमारने मला सांगावा, फोल्करला नाही.

एकच विनंती आहे आणि ती पाळ. मला माहीत होतं, हे फोल्करला कळू देऊ नकोस. त्याला माझ्यापुढे बसून ते स्वतः सांगू दे. त्याला वेळ लागेल, तो आधी हवापाण्याबद्दल बोलेल, मग ट्रॅक्टरबद्दल. आपण दोघींनी मधे बोलायचं नाही, हे तुला जास्त अवघड जाईल. आणि तो म्हणेल, "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय," तेव्हा मी नीट दचकेन. रोज सकाळी आरशासमोर सराव करते आहे. आता बऱ्यापैकी जमायला लागलंय.

तुझी,
गेर्लिंडे